अधिवेशनापुरतं टेबल

रस्त्याच्या कडेच्या दगडांना चुना लागला की आमच्या नागपुरात हिवाळा सुरू होतो. थंडी मागाहून येते. आधी चुना, मग मुंबईच्या नंबराच्या जीपगाड्या, मग चौकाचौकांत बांबूंचे अडथळे आणि त्यांच्यामागे कानाला मफलर गुंडाळून उभे असलेले परगावचे पोलीस. विधिमंडळाचं अधिवेशन येतं आणि शहर काही आठवडे आपल्याच घरात पाहुण्यासारखं वागू लागतं. पंधरवड्यापूर्वी एका सकाळी व्हरायटी चौकाच्या अलीकडे एक माणूस चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन उकिडवा बसला होता. त्याला पाहून मला इतका राग आला की मी स्कूटर थांबवली. त्याने वर पाहिलं. "काय झालं साहेब?" म्हणाला. काही झालं नव्हतं. मी पुढे निघालो.

राग त्या बिचाऱ्यावर नव्हता. आदल्या संध्याकाळी प्रकाश माझ्या केबिनमध्ये येऊन गेला होता. प्रकाश म्हणजे आमच्या इमारतीच्या मालकांचा मुलगा. मालक आता थकले आहेत, घरीच असतात. कारभार हा पाहतो. मी जागांची दलाली करतो, दुकानांच्या, ऑफिसांच्या, आणि सीताबर्डीवरच्या याच इमारतीत पहिल्या मजल्यावर माझी प्लायवुडची केबिन आहे. प्रकाश समोर बसला, टेबलावरचा काचेचा गोळा उचलून हातात फिरवत म्हणाला, "काका, या मजल्यावरच्या केबिनी काढून टाकतो. तुमची राहू देतो. बाकी सगळा एक हॉल."

"हॉल कशाला?"

"आता अख्खं ऑफिस घेतं कोण? पागडी द्या, फर्निचर करा, फोनसाठी वर्षानुवर्षं थांबा. आपण तयार द्यायचं. टेबल, खुर्ची, फोन, टायपिस्ट, चहा. या, बसा, काम करा, जा. मुंबईत सुरू झालं आहे. एकदम नवीन आयडिया."

मी विचारलं, "आणि टेबल? कोणाचं कोणतं?"

तो हसला. "कोणाचंच कोणतं नाही. आज इथे, उद्या तिथे. एका जागी बसला न काका, की माणूस ती जागा आपली समजू लागतो. मग कोर्टकचेरी. तुम्हाला काय सांगायचं." आणि उठता उठता, अगदी प्रेमाने म्हणाला, "जुन्या लोकांना मात्र तुम्ही आणा. त्या टायपिंगवाल्या बाई, कोर्टाजवळ बसतात त्या. तुमच्या शब्दावर लोक येतात, तुमच्या शब्दावर लोक उठतात."

तो गेला. मी तो काचेचा गोळा परत कागदांवर ठेवला. नवीन आयडिया म्हणे.

छप्पन्न साली नागपूरचं राजधानीपण गेलं तेव्हा मी शाळेत होतो. साहेब गेले, कारकून गेले, फायलींची कपाटं ट्रकांवर चढून आधी भोपाळला, मग काही मुंबईला गेली. शहरात उरल्या त्या खोल्या. उंच छतांच्या, लांब दांड्यांच्या पंख्यांच्या, दोन-दोन दारांच्या. त्या भरतील एवढं कामच शहरात उरलं नव्हतं. साठीच्या दशकात सीताबर्डीवर हिंडलं तर दर दुसऱ्या जिन्यावर 'जागा भाड्याने देणे आहे' अशी पाटी ऊन खात असे. आमच्या मालकांनी वर्षभर पाटी लावून पाहिली आणि शेवटी कंटाळून अख्खा हॉल देण्याचा नाद सोडला. टेबल द्यायला लागले. एक टेबल, एक खुर्ची, दोन ड्रॉवर. कोणाला दिवसभर नको असेल तर अर्धा दिवस. सकाळी विमा एजंट, संध्याकाळी विक्रीकराचे कागद करणारा वकील. वरचा ड्रॉवर सकाळवाल्याचा, खालचा संध्याकाळवाल्याचा, आणि दुसऱ्याच्या ड्रॉवरला कोणी हात लावत नसे. सगळ्यांमध्ये मिळून एक फोन, त्याला कुलूप, किल्ली माझ्याकडे. मी त्या हॉलचा व्यवस्थापक होतो. पंचविशीतला, बी.कॉम. झालेला, दोन पॅण्टचा मालक.

काय चालायचं तिथे. एका कोपऱ्यात कापसाचा भाव ओरडून फोनवर सांगणारा अडत्या, त्याच्या शेजारी कुंडल्या जुळवणारा निवृत्त तलाठी, मध्ये विमा विकणारे काळेकाका, आणि खिडकीच्या कोपऱ्यात गोदाताई. गोदाताई ढोके. तिशी ओलांडलेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या, मराठी आणि हिंदी दोन्ही मशीन चालवणाऱ्या. अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेचिठ्ठी, लग्नाचा बायोडाटा, जे येईल ते टाईप करत. त्या काळात एकटी बाई सीताबर्डीवर टेबल घेऊन बसते यावर लोकांनी बरंच बोलून घेतलं होतं. ताईंनी बोलू दिलं होतं. त्या टेबलावर त्यांचं घर चालत होतं आणि धाकटा भाऊ वसंता कॉलेज शिकला होता. टायपिंगही त्यांनीच त्याला शिकवलं, त्या टेबलावर बसवून, चुकला की बोटांवर पट्टी मारून.

आणि मग हिवाळा यायचा.

अधिवेशनाच्या दिवसांत या मेल्या शहरात एकदम जागा पुरेनाशी होत असे. वार्ताहर, शिष्टमंडळं, आमदारांचे स्वीय सहायक, संघटनांचे लोक, सगळ्यांना टेबल हवं, फोन हवा. तेव्हा आमच्या हॉलमध्ये एक रीत पडून गेली होती. कोणी ठरवली, कोणालाही सांगता आलं नसतं. अधिवेशन लागलं की हॉलमधले रोजचे लोक आपापलं सामान उचलून गच्चीवर जात आणि टेबलं पाहुण्यांना देत. पाहुण्यांच्या भाड्यावर आमचं सगळ्यांचं वर्षाचं भाडं हलकं होई. अधिवेशन संपलं की आपापल्या टेबलावर परत. लिहून वगैरे काही नव्हतं. "अधिवेशनापुरतं" एवढा एक शब्द पुरे असे. आम्ही त्याला 'गच्चीवर जाणं' म्हणत असू.

खरं सांगतो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस त्या गच्चीवरचे आहेत. मला त्याचाच जास्त राग येतो. उन्हाळ्यात जिथे पाय ठेववत नसे, त्या गच्चीवर डिसेंबरचं ऊन पाठीवर हात ठेवल्यासारखं पडायचं. संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या उलट्या घालून त्यांवर मशीन. कागद उडू नयेत म्हणून विटांचे तुकडे. कार्बनचा निळा हात गालाला लागलेला. सिगडीवर चहा, आणि खालून, सीताबर्डीच्या टेकडीच्या बाजूने, एकामागून एक मोर्चे. ज्यांच्या घोषणा खाली चालू असत, त्यांचंच निवेदन पुष्कळदा वर गोदाताईंच्या मशीनवर चढलेलं असे. एखादा पुढारी धापा टाकत लोखंडी जिना चढून यायचा.

"ताई, झालं का? मोर्चा चौकात थांबवून आलो."

"होऊन राहिलं गा. हे सांग, तीव्र निषेध लिहू का नुसता निषेध?"

"तीव्र लिहा न."

"लिहिते. तीव्रचे वेगळे पैसे नाही घेत मी."

काळेकाका उन्हात पाय पसरून तोंडावर वर्तमानपत्र घेत. ताई म्हणत, "का हो काळेकाका, झोपल्या झोपल्या विमा विकला जाते का?" वर्तमानपत्राखालून आवाज येई, "झोपलो कुठं बाई. गिऱ्हाइकाले मरणाचा नमुना दाखवून राहिलो." जिन्यावर पाहुण्यांच्या चिरुटांचा वास, वर आमच्या तर्रीपोह्यांचा. मुंबईचे वार्ताहर स्वेटर घालून गच्चीवर येत आणि म्हणत, काय ऑफिस आहे तुमचं. आम्हाला ते कौतुक वाटायचं.

शेवटी उतरण्याचा दिवस. तो सणासारखा. पाहुण्यांनी टेबलांवर पाडलेले डाग घासायचे, ड्रॉवर झटकायचे. कोणाच्या ड्रॉवरमध्ये काय राहिलं ते पाहायला सगळे गोळा होत. एका वर्षी ताईंच्या ड्रॉवरमध्ये कुण्या वार्ताहराची कवळी निघाली. त्यांनी ती धुऊन, कागदात बांधून पुढच्या अधिवेशनापर्यंत ठेवली. तो माणूस काही आला नाही. "बिन दाताचा बातम्या देऊन राहिला असन," त्या म्हणाल्या.

मग दिवस पालटले. बँकांच्या शाखा गल्लोगल्ली निघू लागल्या, औषधांच्या, खतांच्या कंपन्यांना विभागीय कार्यालयं हवी झाली. ज्या जागांकडे कुत्रं फिरकत नव्हतं, त्यांच्यासाठी माणसं जिने चढून येऊ लागली. तेव्हा 'चौरस फूट' हा शब्द आमच्या सीताबर्डीवर आला. त्याआधी जागा सांगायची तर खिडक्या सांगत, वारा सांगत, शेजारी कोण आहे ते सांगत. आता फूट. एक टेबल किती फूट खातं, माणूस खुर्ची मागे सरकवतो तेव्हा किती खातो, याचे हिशेब मालकांच्या तोंडी आले आणि आमच्या हॉलकडे ते गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहायला लागले. कुत्र्याच्या नशिबात हाड यावं तसा भाव आला होता, आणि हाडाला आम्ही चिकटलेलो होतो.

आणीबाणीच्या आदल्या हिवाळ्यात मालकांनी मला घरी बोलावलं. बायकोने दिलेली सुपारी कातरत म्हणाले, "वकील म्हणतो, हात धरून एकाला जरी काढलं तरी बाकीचे कोर्टात जातील. बसलेला माणूस फार जड असतो दिवाकर. आपल्या पायांनी जाऊ दे. दरवर्षी जातात तसे."

"आणि परत येतील तेव्हा?"

"तेव्हा खाली काही नसेल यायला. केबिनी असतील." मग जरा थांबून म्हणाले, "एक तुझी."

मी होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. अशी समजूत मी कितीतरी वर्षं स्वतःची घालत आलो. ते खोटं आहे. मी विचारलं, "कोपऱ्यातली? खिडकीची?" मालक "हो" म्हणाले. तो माझा होकार होता. लग्न ठरत होतं, सासरे विचारत होते की जावई नेमकं करतो काय, आणि मला दारावर स्वतःचं नाव हवं होतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण शोधून मी थकलो, सापडलं नाही.

सगळे नेहमीसारखे हसत-खिदळत वर गेले. अडकल्या त्या गोदाताई. त्या वर्षी त्यांचा गुडघा सुजला होता. "या साली मी गच्चीवर येत नाही गा दिवाकर. तो जिना मले नाही झेपत. एका कोपऱ्यात मी बसली तर अधिवेशन बंद पडन काय?"

त्या बसल्या तर सगळंच बसलं असतं. एक टेबल जागचं हललं नसतं तर बाकीच्यांनीही आपापला हक्क सांगितला असता. मी दोन दिवस गोड बोललो. त्यांनी ऐकलं नाही. मग वसंता आला. तो तेव्हा एका आमदाराकडे स्वीय सहायक होता, साहेबांच्या लोकांसाठी टेबल मागायला आला होता. मी म्हणालो, "खिडकीचं घे की. तुझ्याच बहिणीचं आहे. माझं ऐकत नाहीत त्या, तुझं ऐकतील."

"माहं काहून नाही ऐकन ताई?" वसंता म्हणाला.

ऐकलं त्यांनी. त्याने स्वतः मशीन खांद्यावर घेऊन वर नेलं, मग खाली आला आणि ताईंना दंडाला धरून एकेक पायरी चढवू लागला. त्या जिनाभर त्याला शिव्या घालत होत्या. "मोठा साहेब झाला, बहिणीले पहाड चढवून राहिला." तो हसत होता. मी खाली लोखंडी जिना हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभा होतो. तो गारठा अजून तळहातांना आठवतो.

अधिवेशन संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलला नवं कुलूप, आत सुतार. करवतीचा आवाज, सरसाचा वास. टेबलं मागच्या अंगणात एकावर एक चढवलेली, पाय आभाळाकडे. वरचे लोक जिन्यावर गर्दी करून उभे राहिले. कोणी ओरडलं, कोणी मालकांच्या घरी धावलं. काळेकाका म्हणाले, "आपण आपल्या हातानं सामान उचललं न गा." त्यांनी त्यानंतर घरूनच काम सुरू केलं, म्हणजे बंद केलं. कोर्टात जायची भाषा झाली, पण वकिलाने सगळ्यांना एकच विचारलं: तुम्हाला उठवलं कोणी? आणि उठवलं कोणीच नव्हतं.

गोदाताई सगळ्यात शेवटी उतरल्या, कठड्याला धरत, ड्रॉवरची किल्ली मुठीत घेऊन. माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"दिवाकर, हे काय होऊन राहिलं?"

मी काय म्हणालो ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कोणाला नाही. मी म्हणालो, "मला काही माहीत नाही ताई. वसंताला विचारा. टेबल त्यानेच मागितलं होतं."

त्यांनी विचारलं. त्याने शपथा घेतल्या. पण त्याच्या साहेबांचं आणि आमच्या मालकांचं जाणं-येणं होतं, त्यामुळे माझं खोटं बरोबर खाचेत बसलं. त्या त्याच्याशी बोलायच्या बंद झाल्या. त्याच्या लग्नाला गेल्या नाहीत. भाऊबीजेला तो दारात येऊन उभा राहिला, त्यांनी दार उघडलं नाही. पुढच्या वर्षीही आला. मग येईनासा झाला. मला हे कसं ठाऊक? ताईंनीच सांगितलं. कोर्टाच्या बाहेर कडुलिंबाखाली त्यांनी मशीन मांडलं तेव्हापासून दर हिवाळ्यात मी त्यांच्याकडे चहाला थांबत आलो. जणू काही मी चांगला माणूस आहे. त्या मला स्टूल पुढे करत आणि म्हणत, "तुले बी त्यायनं वापरलंच गा. माह्या सख्ख्या भावानं असं केलं, तं तुह्या मालकाले काय बोल लावायचा." मी चहा पीत असे.

ही केबिन अजून माझी आहे. हे लिहितो आहे ते तिथेच बसून, खिडकीच्या कोपऱ्यात. सकाळी अकरापर्यंत टेबलावर ऊन येतं. चांगलं ऊन आहे.

म्हणून प्रकाशचा एवढा संताप आला का? त्याने काय केलं? आम्ही जे लपवून केलं ते तो उघड बोलतो, इतकंच. त्याच्या बापाला एका शब्दाचा आडोसा घ्यावा लागला, अधिवेशनापुरतं. याला तोही नको. याच्या हॉलमध्ये माणसाने रोज सकाळी यावं, पाहुणा म्हणून बसावं, संध्याकाळी खूण न ठेवता उठावं. ड्रॉवरच नाहीत त्याच्या टेबलांना. मी विचारलं होतं. "ड्रॉवर कशाला काका, बॅग आणतील." आमच्या हॉलमध्ये माणसं एकमेकांच्या ड्रॉवरला हात लावत नव्हती, यातच सगळं ऑफिस होतं, हे याला कुठल्या भाषेत सांगायचं? आणि सांगायचं तर मी? माझं तोंड आहे का सांगायचं? त्या रीतीत माणसं दरवर्षी उठत, कारण परत बसता येईल याची त्यांना खात्री असे. ती खात्री ज्याने विकून खाल्ली तो मी, आता तिच्यावर लेख लिहितो.

आणि तरीही, ऐका, परवा दुपारी मी प्रकाशचा निरोप घेऊन गोदाताईंकडे गेलो. राग वगैरे सगळा पोटात ठेवून गेलो. मनात असा हिशेब होता की त्यांना डोक्यावर छप्पर मिळालं तर माझी फेड होईल. माणूस किती स्वस्तात सुटू पाहतो.

कडुलिंबाखाली त्यांनी निळी ताडपत्री बांधलीय. केस पांढरे झालेत, गुडघा तसाच. एका म्हाताऱ्याचा अर्ज टाईप चालू होता. मी प्रकाशच्या हॉलचं सांगितलं. पंखा, फोन, चहा. त्यांनी बोटं न थांबवता ऐकलं.

"मले खिडकीजवळचा टेबल देशील?"

"टेबल ठरलेलं नसतं तिथे, ताई. जो आधी येईल तो."

"असं." एक ओळ पूर्ण झाली, त्यांनी मशीन सरकवलं. मग हसून म्हणाल्या, "ठीक आहे न गा. तू मधात आहे म्हणून येते. वसंतासारखं नको करजो म्हंजे झालं."

मला वाटतं त्या दुसरं काही म्हणाल्या असत्या तर मी गप्पच राहिलो असतो. त्या हसल्या, आणि माझ्याने राहवेना.

मी म्हणालो, "वसंताने काही केलं नव्हतं."

बोटं थांबली.

मी सांगितलं. सुपारीपासून केबिनीपर्यंत. वसंताला मीच कसं पाठवलं ते. जिन्याखाली त्यांना काय म्हणालो ते. आवाज फार खाली गेला असावा, कारण तो म्हाताराही वाकून ऐकू लागला होता. ताई त्याला म्हणाल्या, "बाबा, उद्या या." तो गेला.

"वसंताले माहीत नव्हतं?"

"नाही."

"काईच?"

"काहीच नाही ताई."

त्या समोर पाहत राहिल्या. एक मोर्चा लांबून चालला होता, भोंग्यावर कोणीतरी नावं घेत होतं. मला वाटलं त्या रडतील, किंवा मला मारतील. दोन्ही चाललं असतं. "दारात उभा होता थो," त्या म्हणाल्या. "दोन्ही भाऊबीजेले. अंदरून पाहून राहिली होती मी. पाणी बी नाही देल्लं." मग माझ्याकडे वळून, "केबिन चांगली आहे काय तुही?"



त्यांनी मशीनवर कापड घातलं, दोरीने बांधलं, ते शेजारच्या स्टॅम्पवाल्याच्या हवाली केलं. "चाल."

"कुठे?"

"त्याच्या घरी. जरीपटका वस्तीच्या अलीकडं राहते म्हणे."

"ताई, तुम्ही सांगा त्याला. माझ्याने..."

"मी काहून सांगू? तोंड तुहं होतं."

रिक्षात त्या माझ्या शेजारी बसल्या, मध्ये पिशवी ठेवून. चौकात बांबू आडवे होते, रिक्षावाला अधिवेशनाला शिव्या घालत गल्ल्यांमधून नेत होता. मी दोनदा बोलायला गेलो, त्यांनी हात वर केला. कामठी रोडला लागल्यावर एकदाच म्हणाल्या, बाहेर पाहत, "त्याले पोरगी आहे म्हणते. किती मोठी असन?"

"तिसरीत आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुले माहीत आहे," म्हणाल्या. मला माहीत होतं. वसंता मला अधूनमधून भेटत असे. मुलीचं नाव त्याने बहिणीच्या नावावरून ठेवलं हेही मला माहीत होतं. ते मी रिक्षात सांगितलं नाही. तेवढं तरी त्याच्या तोंडून त्यांना कळू दे, असं वाटलं.

दार मुलीनेच उघडलं. "कोण पाहिजे?" तिने विचारलं, आणि गोदाताईंना आपण कोण ते सांगता येईना. त्या नुसत्या तिच्या वेण्यांकडे पाहत राहिल्या. आतून वसंता आला, हात पुसत. टक्कल पडलंय त्याला. त्याला मी दिसलोच नाही.

"ताई," तो म्हणाला, आणि पाया पडायला वाकला.

त्या मागे सरकल्या. "थांब," म्हणाल्या. "आता नको वाकू. मी अजून अंदर नाही आली. आधी याचं ऐक."

आणि त्या दारातून बाजूला झाल्या. मी उंबऱ्याच्या अलीकडे उभा राहिलो. शेजारची दोन माणसं गेटवर थांबली होती, मुलगी बापाच्या पाठीमागून पाहत होती. मी बोलायला लागलो. पहिलं वाक्य अर्ध्यातच विरलं.

"मोठ्यानं," गोदाताई म्हणाल्या.